आधी कोण, नंतर कोण

तेकाबा बेट
९ फेब्रुवारी २००४

तेवेया, मौरी, खुशाल अस!

तुझ्या ऑफिसचा फॉर्म मंगळवारच्या विमानानं पोचला. तू पाठवलेले मांसाचे तीन डबे मात्र पोचले नाहीत. वाटेत कुणा नातेवाइकानं "मला दे" म्हटलं असणार. त्याच्या पोटाला शांती लाभो.

आता कामाचं. नोव्हेंबरात ते हृदयाचे डॉक्टर येऊन गेले. त्यांचं यंत्र विमानातून उतरवतानाच बिघडलं, म्हणून त्यांनी नुसत्या नळीनं गावातल्या सगळ्या मुलांच्या छात्या ऐकल्या आणि पाच जणांच्या हृदयात खराबी आहे असं सांगितलं. त्यात माझी ताओआबा आहे, मावशीच्या बोतिकाचा कौरे आहे. यंदा फक्त दोघांना परदेशी नेऊन ऑपरेशन करता येईल. कोणते दोघे, ते म्हणे "तुम्ही रोज बघता, तुम्हीच कळवा." या दवाखान्यात "तुम्ही" म्हणजे मी एकटी. सुया मीच टोचते, झाडूही मीच मारते.

फॉर्मवर पाच रिकाम्या ओळी आहेत आणि वर एक इंग्रजी वाक्य. त्यातलं "कृपया" कळलं, "मुलं" कळलं. मधलं क्रियापद काही कळेना. प्रायोरिटाइज. शाळेतली डिक्शनरी वाळवीनं खाल्लीय. पाद्रीबाबांना विचारलं तर म्हणाले, "चांगलंच काहीतरी असेल. वाईट लिहायला इतका जाड कागद कोण वापरतं?"

शेवटी मी माझ्या अकलेनं भरला. सभाघरात उत्तरेच्या खांबापासून ज्याच्या त्याच्या घराण्याची बसायची जागा धरली आणि त्याच क्रमानं नावं लिहिली. त्या क्रमावर आजवर कुणी भांडलेलं नाही. आपली जागा दक्षिणेच्या कोपऱ्यात, म्हणून ताओआबा पाचवी. बरोबर आहे ना, ते बघ आणि पुढे दे.

अंगात आरोग्य, घरात शांती असो.
तुझी रोतियाताई


तारावा
२ मार्च २००४

ताई,

हसू की रडू ते कळेना. फॉर्म साहेबांना दिला नाही, ड्रॉवरमध्ये दडवलाय. कोरा फॉर्म सोबत पाठवतो.

अगं, सभाघरातली जागा म्हणजे पणजोबांचा मान. हे क्रियापद मानबिन विचारत नाही. सगळीच कामं महत्त्वाची असली, तरी त्यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं ते ठरवायचं, ते आधी घ्यायचं आणि बाकीच्यांना थांबवायचं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे दिवसाला पन्नास वेळा वापरतात. साहेब म्हणतात, "पत्रं प्रायोरिटाइज कर," म्हणजे मंत्र्याचं आधी टाइप कर, शाळामास्तरांचं राहू दे. साहेबांची बायको फोनवर ओरडते, "तुम्ही घराला प्रायोरिटाइज करत नाही," म्हणजे साहेब फार वेळा मासे धरायला जातात. पाऊस नसला आणि विहीर खारट व्हायला लागली की आई काय करायची, आठवतं? गोडं पाणी आधी प्यायला, मग भाताला, अंगाला सगळ्यात शेवटी. आईला शब्द ठाऊक नव्हता, पण काम हेच करायची.

"बाकीच्यांना थांबवायचं" हा त्यातला अर्धा भाग कुणी मोठ्यानं म्हणत नाही. पण तोच खरा अवघड.

तेव्हा घराणं बघू नकोस, आपला-परका बघू नकोस. श्वास बघ. पाचांत सगळ्यात आजारी कोण? मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. लिहायला लाजू नकोस.

तेवेया


तेकाबा
२८ मार्च २००४

तेवेया,

तू सांगितलंस तसं केलं. सकाळी पाचही जणांना बोलावलं आणि सभाघरापासून दवाखान्यापर्यंत चालायला लावलं. वाटेत कोण किती वेळा थांबतं ते मोजलं. कौरे थांबलाच नाही, वर मध्येच खेकड्यामागं धावला. दोघं एकेकदा थांबले. मेरे तीनदा. ताओआबा सहा वेळा. शेवटच्या वेळी ती माडाला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, तू पुढे हो, मी येतेच." ओठ जांभळे पडले होते. अकरा वर्षांची पोर आहे, वजन मात्र सात वर्षांच्या पोरीचं.

पहिल्या ओळीत तिचं नाव लिहायला बसले आणि पेन खाली ठेवलं. हे काय लिहिणं झालं? स्वतःच्या पोरीला स्वतःच पहिली बसवायचं? नवरा म्हणाला, "पावलं तू मोजलीस, तू ठरवली नाहीस. लिही." तेव्हा लिहिलं. ताओआबा, मेरे, मग ते दोघं, पाचवा कौरे.

नियमाप्रमाणे यादी सभाघरात वाचावी लागली. म्हातारे ऐकून चटया गुंडाळून उठले. स्वतःचीच पोर पहिली, हे त्यांच्या मनात आलं ते मला कळलं. घरी येताना मान वर करवली नाही.

पण खरं सांगू? आतून मला आनंदही झाला. लाजेपेक्षा जास्तच.

रोतिया


तारावा
२० एप्रिल २००४

ताई,

यादी मिळाली, शिक्का पडला, फाइलीत लागली. साहेबांनी जूनअखेरपर्यंत बदल कळवायची मुभा ठेवलीय, पण तुला काय बदलायचंय? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमान. ताओआबाबरोबर तू किंवा भाऊजी, एकाला जाता येईल.

तिकडे थंडी असते म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातून तिच्या मापाचा लाल स्वेटर घेतलाय. पार्सल सोबत आहे. तिला म्हणावं मामानं विचारलंय, परदेशातून येताना मला काय आणशील?

मी चार दिवस ऑफिसात शीळ घालत हिंडतोय. साहेब विचारतात, लग्न ठरलं का रे?

तेवेया


तेकाबा
३० मे २००४

तेवेया,

सोबत नवी यादी आहे. जुनी काढून ही लाव. आता पहिला कौरे, दुसरी मेरे. ताओआबा कौरेच्या जागी, पाचवी.

चिडायच्या आधी पूर्ण वाच.

मागच्या रविवारी चर्चनंतर बोतिका आली. बरोबर मावशी. नवीन विणलेली केवड्याची चटई आणली होती, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागायला आलीय. मी नीरा दिली. बोतिकानं भांडं हातात धरलं, प्यायली नाही.

म्हणाली, "रोतिया, पाचवा म्हणजे नाहीच ना?"

मी म्हटलं, "नाहीच असं नाही. पुढच्या वर्षी परत येणारेत."

"माझी दोन पोरं मेली, त्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघितली का? हा एकच उरलाय."

"बोतिका, कौरे धावतो. तुझ्या पोराला काही—"

"डॉक्टर म्हणाला ना, खराब आहे? तू डॉक्टर आहेस का?" मग तिनं भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मी तुझ्याकडे तो पहिला नंबर मागते. बुबुती."

शब्द तोंडातून गेला. मावशी समोर बसलेली. मागणारी माझी सख्खी मावसबहीण. तूच सांग, मी काय म्हणणार होते? आपल्यात कुणी कधी "नाही" म्हटलंय? मी "हो" म्हटलं. बोतिका रडली आणि माझे पाय धरायला लागली. मावशीनं ताओआबाला मांडीवर घेतलं. पोरीनं स्वेटर घातला होता, एवढ्या उकाड्यातसुद्धा काढत नाही. मावशी म्हणाली, हा कौरेला तिकडे लागेल. तोही दिला.

बोतिकानं शब्द दिलाय, पुढच्या वर्षीचा पहिला नंबर आपला. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

रोतिया


तारावा
१५ जून २००४

ताई,

पत्र तीनदा वाचलं. बुबुतीला नाही म्हणायचं नसतं हे मला शिकवू नकोस. मीही त्याच बेटाचा आहे. माझी सायकल अशीच गेली, रेडिओ गेला, मित्राच्या लग्नासाठी शिवलेली पँट गेली आणि लग्नाआधी गेली. मी हूं की चूं केलं नाही. पण ती वस्तू होती! सायकल दिली तर माणूस चालत जातो. हा नंबर तुझा नाहीच, तर तू तो देणार कसा? तो ताओआबाच्या श्वासाचा आहे. कौरेच्या नावापुढे एक लिहिलं म्हणून तो जास्त आजारी होत नाही आणि ताओआबाच्या नावापुढे पाच लिहिलं म्हणून ती बरी होत नाही. तिकडचे डॉक्टर आकडा बघून विमानात घालणार आहेत. त्यांना वाटेल, ही बाई रोज बघते, हिनं नीट ठरवलंय.

नवी यादी मी साहेबांना दिलेली नाही, देणारही नाही. जुनीच फाइलीत राहील. तू बोतिकाताईला सांग की यादी पाठवली. पुढे काय झालं ते ऑफिसवाल्यांनाच माहीत म्हणावं. खोटं माझ्या माथी. तू फक्त गप्प बस.

तेवेया


तेकाबा
२२ जून २००४

तेवेया,

ताओआबा बरी आहे. मासा खाते, शाळेत दोनदा गेली. पायांवरची सूज उतरतेय. तू उगाच घाबरतोस.

गप्प बस म्हणतोस. सप्टेंबरात विमानतळावर माझी मुलगी विमानात चढेल आणि बोतिका आपल्या पोराचा हात धरून खाली उभी राहील, तेव्हा मी कुठे बघू? "हो" मी म्हटलंय, ऑफिसानं नाही. माझ्या "हो"ला काही किंमत उरली नाही, तर या गावात मी कुणाकडे तांदूळ मागायला जाऊ? आणि ताओआबा बरी होऊन आली, तर कुणाच्या अंगणात खेळायला जाईल? "हिच्या आईनं दिलेलं परत घेतलं" असं जन्मभर तिच्या पाठीमागं बोलतील.

तू लहान असताना मी तुला पाठीवर घेऊन लाटांतून शाळेत नेलं. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. नवी यादी दे.

बुबुती, तेवेया.

तुझी ताई


तारावा
३० जून २००४

ताई,

दिली.

साहेबांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "दूरच्या बेटावरची बाई, पण प्रायोरिटाइज छान करते. वेळेत बदलसुद्धा कळवते." कौरे आणि मेरेची नावं पुढे गेली. विमान दोन सप्टेंबरला.

तू मला दुसरं काहीही मागितलं असतंस, तर मी असंच दिलं असतं, पण हसत.

ताओआबाची सूज उतरतेय असं लिहितेस. उतरायला आधी चढावी लागते, ताई. चढल्याचं तू लिहिलं नव्हतंस.

तेवेया


तेकाबा
११ सप्टेंबर २००४

तेवेया,

विमान गेलं. सगळं गाव आलं होतं. कौरेनं लाल स्वेटर घातला होता आणि घामानं निथळत होता, पण काढेना. बोतिका मला मिठी मारून सोडेचना. मेरेची आजी गाणं म्हणत होती.

ताओआबाला तिच्या बापानं पाठीवर आणलं. तिनं हात हलवला आणि मग म्हणाली, "आई, कौरे आधी गेला ते बरंच झालं. तो आला की सांगेल तिकडे दुखतं का ते."

आता झोपताना ती आडवी होत नाही. माझ्या छातीला टेकून बसते. मी खोटं लिहीत होते, ते आता लिहीत नाही. पुढची मुलं कधी नेणार ते विचार. वर्ष फार लांब आहे. साहेबांना भेट. तुझ्या त्या क्रियापदात अधूनमधून नवं नाव घालायची सोय असेल ना?

रोतिया


तारावा
२ ऑक्टोबर २००४

ताई,

साहेबांना चार वेळा भेटलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, तिची केस प्रायोरिटाइज केली आहे. मी विचारलं, म्हणजे कधी नेणार? म्हणाले, म्हणजे प्रायोरिटाइज केली आहे. मी पुन्हा विचारलं, कितवी? तेव्हा चष्मा काढून पुसत बसले.

या शब्दाचा असाही एक वापर असतो. मार्चमध्ये मी तो तुला लिहिला नाही, कारण तेव्हा मलाच कळला नव्हता. कुणाला थांबवायचं असलं की त्यालाही हाच शब्द सांगतात. तो गोड हसून घरी जातो. मीच या खिडकीतून किती जणांना असं घरी पाठवलंय, आता आठवतंय.

मी मागे लागलोय. तिला उंच बसव, मीठ देऊ नकोस. महिन्याची सुई चुकवू नकोस. कौरेची खबर अजून नाही.

तेवेया


परिपत्रक
दिनांक : २७ ऑक्टोबर २००४
प्रति : सर्व बेटांवरील दवाखाने

यंदा शस्त्रक्रियेसाठी परदेशी पाठवलेल्या बालरुग्णांपैकी एका मुलाची तिकडील यंत्राद्वारे तपासणी केली असता त्याच्या हृदयातील दोष किरकोळ असून शस्त्रक्रियेची गरज नसल्याचे आढळले. सदर मुलास सप्टेंबरअखेर परत पाठवण्यात आले. त्यामुळे एक जागा वाया गेली, याबद्दल संबंधित रुग्णालयाने खेद व्यक्त केला आहे.

सर्व परिचारिकांनी यापुढे अग्रक्रम ठरवताना योग्य ती काळजी घ्यावी. "आधी कोणाला घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हे घराणे अथवा नाते न पाहता केवळ आजाराच्या तीव्रतेवरून ठरवावे."

पुढील वर्षाचा फॉर्म सोबत जोडला आहे. तो नोव्हेंबरअखेर भरून पाठवावा.

भाषांतर व सही : तेवेया, लिपिक


तेकाबा
२९ नोव्हेंबर २००४

तेवेया,

परिपत्रक आलं. अवतरणातलं वाक्य तुझं आहे, ते मी लगेच ओळखलं. "थांबवायचे" हा शब्द तुझ्याशिवाय कुणी घातला नसता.

ताओआबा सतरा ऑक्टोबरला गेली, हे तू रेडिओवर ऐकलंस. तू तांदळाचं पोतं आणि पीठ पाठवलंस, आठ दिवस सगळं गाव त्यावर जेवलं. पोत्यात पत्र असेल म्हणून मी ते तळापर्यंत उपसलं. मग दहा दिवसांनी हे आलं. तुला नोकरी आहे, तुला सही करावीच लागते, हे मला कळतं. कौरे सप्टेंबरातच परत निघाला आणि महिनाभर तारावात विमानाची वाट बघत होता, हे तुला माहीत होतं आणि तरी तू "खबर नाही" लिहिलंस, हेही कळतं. मी सूज लपवली, तू हे लपवलंस. मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागवायला मी कोण? पावलं मीच मोजली होती. सहा वेळा थांबली होती पोर. ते माहीत असून मी तिचा आकडा दिला. मी चुकले, तेवेया. लाजेपायी चुकले. तुझ्याकडे बुबुती केली नसती, तर तू मला वाचवणार होतास, तेही मी होऊ दिलं नाही.

ती जाताना सकाळ होती. माझ्या छातीला टेकूनच होती. म्हणाली, "आई, तू मागून ये हं." मला वाटलं ती झोपेत बोलतेय.

मेरे बरी होऊन आली. उड्या मारते. तिच्याकडे बघून मला आनंद होतो, खरंच होतो, पण डोळे लगेच दुसरीकडे वळतात.

कौरेला ऑपरेशनची गरजच नव्हती हे ऐकल्यापासून बोतिका वेड्यासारखी झालीय. रोज पहाटे येऊन माझं पाणी भरते, अंगण झाडते, नको म्हटलं तरी ऐकत नाही. मग ओट्याच्या कडेला बसते आणि म्हणते, "रोतिया, माग. काहीतरी माग माझ्याकडे. तुझा हक्क आहे. डुक्कर माग, बाबाई-अळूचा खड्डा माग, माडाची जमीन माग." परवा कौरेचा हात धरून आली. म्हणाली, "हा माग. मी नाही म्हणणार नाही. मला म्हणताच येणार नाही." आणि तिला खरंच म्हणता आलं नसतं. पोरगा माझ्याकडे बघत उभा होता. घाबरला होता. मी त्याला नीरा दिली आणि घरी पाठवलं.

फॉर्म भरला, सोबत आहे. चार नावं आहेत, दोन राहिलेली, दोन नवी. पुन्हा चालवलं, पुन्हा मोजलं. सभाघरात वाचलं आणि आधीच सांगितलं, यातला एकही आकडा कुणाच्या मालकीचा नाही, मागायला कुणी माझ्या दारात येऊ नका. या वेळी मी मान खाली घातली नाही.

बोतिका आज पण आलीय. हे लिहितेय तेव्हा ओट्यावर बसलीय, माग म्हणतेय. तू मला शिकवलंस ना, काय हवं ते लिहून काढायचं आणि आधी कोणतं, नंतर कोणतं ते लावायचं? सकाळपासून तेच करतेय. पहिल्या ओळीत एक नाव येतं. दुसऱ्या ओळीत काहीच येत नाही. आणि जे पहिल्या ओळीत आहे, ते बोतिकाकडे नाही.

रोतिया